तळघरातील लोहमार्ग

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात, जेथे हिवाळा नोव्हेंबरातच दाराशी येऊन ठाकतो आणि एप्रिल उजाडेपर्यंत अंगणातून पाय काढीत नाही, तेथील बहुतेक घरांना तळघर असते. आणि त्यांपैकी काही तळघरांत जिना उतरून दिवा लावताच, छातीपर्यंत येणाऱ्या लाकडी मांडणीवर डोंगर, नद्या, गावे, मालधक्के आणि या सर्वांना जोडीत जाणारा रुळांचा एक लांबलचक मार्ग दृष्टीस पडतो. नवख्या पाहुण्याला प्रथम वाटते की घरातील मुलांसाठी कोणीतरी हौसेने मांडलेला हा खेळ असावा. परंतु तो उभारणारा गृहस्थ बहुधा साठी उलटलेला असतो, त्याची मुले केव्हाच संसाराला लागलेली असतात, आणि मांडणीच्या कडेला टांगलेली वेळापत्रके, हुकमांच्या चिठ्ठ्या व वाघिणींची दप्तरे पाहिली म्हणजे येथे एक रीतसर कारभार चालतो, हे ध्यानात येऊ लागते.

लघुरेल्वेच्या या छंदाविषयी जे लिहिले जाते त्यात कारागिरीचे कौतुक भरपूर असते, आणि ते रास्तच आहे. माझे मत असे की कारागिरी ही या छंदाची अर्धी बाजू झाली. उरलेली अर्धी त्या मांडणीभोवती ठरल्या संध्याकाळी जमणाऱ्या पाच-सात माणसांच्या बोलण्यात आहे. रुळांच्या आणि सांध्यांच्या गोष्टी बोलता बोलता ही माणसे आपल्या घरची दुखणी, मुलांच्या नोकऱ्या, छपराची गळती आणि म्हातारपणाची धास्ती एकमेकांपाशी कशी उघड करतात, हे पाहण्याचा योग मला विस्कॉन्सिन राज्यात पुतण्याकडे राहिलो असताना, त्याच्या शेजाऱ्यांच्या कृपेने आला. मात्र ते बोलणे समजण्यासाठी आधी या छंदाचा जाबता थोडा माहीत असावा लागतो.

सर्वांत प्रचलित प्रमाण १:८७ हे होय. त्यास एचओ म्हणतात, आणि त्यात खऱ्या जगातील एक फूट साडेतीन मिलिमीटरांत बसतो. रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर. चाळीस फुटी मालवाघीण या हिशेबाने चौदा सेंटिमीटरांची, म्हणजे हाताच्या पंजावर मावेल एवढी होते. ज्यांच्यापाशी जागा थोडी ते १:१६० चे एन प्रमाण घेतात, आणि ज्यांना वजनदार, ठसठशीत गाड्या आवडतात ते ओ प्रमाणाकडे वळतात. इंग्लंडात आणखी एक तऱ्हा आहे: तेथील इंजिने अंगाने लहान, त्यामुळे १:८७ च्या सांगाड्यात सुरुवातीच्या काळच्या विद्युत्-मोटारी बसेनात, तेव्हा रूळ तेवढेच ठेवून वरील गाडी १:७६ प्रमाणाची करण्यात आली, आणि ही विसंगती ते लोक आजतागायत सुखाने नांदवीत आहेत.

आता एचओ प्रमाण काटेकोर पाळावयाचे म्हटले तर एक मैल लोहमार्गाला साडेअठरा मीटर जागा लागते, आणि शंभर वाघिणींची मालगाडी चौदा मीटर लांब होते. कोणत्याही तळघराला हे झेपणारे नाही. म्हणून दहा मैलांवरील स्थानक दहा पावलांवर आणावे लागते, शंभराच्या ठिकाणी बारा वाघिणींवर भागवावे लागते, आणि एका संपूर्ण गावाचे काम चर्च, धान्याचे कोठार, लाकडाची वखार व एक गल्ली यांच्यावर सोपवावे लागते. काय ठेवावे आणि काय गाळावे याचा हा विवेक मला या कलेतील सर्वांत कठीण भाग वाटतो. सूक्ष्मता धीराने साधते; परंतु ज्या चार इमारती पाहताच त्या मुलखातील माणसाने 'हे आमचे गाव' म्हणून ओळखावे, त्या चार निवडण्यास मुलूख अंतःकरणात मुरलेला असावा लागतो.

इतिहासात फार खोल शिरण्याचे कारण नाही. १८९१ साली जर्मनीतील मेर्क्लिन या कारखान्याने चावीची आगगाडी तिच्या रुळांसह आणि ठरावीक मापांत विक्रीस आणली. १९०० साली न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कोवेन यांनी विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा धंदा सुरू केला, आणि नाताळच्या झाडाभोवती फिरणारी आगगाडी अमेरिकन घराघरांत पोहोचली. परंतु ती खेळणीच होती. खेळणे आणि प्रतिकृती यांची फारकत १९३० नंतरच्या दशकात झाली, आणि तिचे केंद्र विस्कॉन्सिनमधील मिलवॉकी शहर होते. तेथे ए. सी. काल्मबाख या मुद्रकाने १९३४ च्या जानेवारीत 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक काढले, आणि पुढच्याच वर्षी त्याच शहरी या छंदवाल्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्या वेळी प्रत्येक कारखान्याची चाके निराळी, रुळांची मापे निराळी, गाड्या जोडण्याचे आकडे निराळे. एकाची वाघीण दुसऱ्याच्या मार्गावर चालेल याची शाश्वती नसे. संस्थेने चाकांच्या कडा किती जाड असाव्यात, दोन चाकांत अंतर किती असावे, सांध्यातील फट किती असावी, या सर्वांची प्रमाणे बांधून दिली आणि कारखानदारांनी ती हळूहळू मान्य केली.

हा तपशील वाचकास रुक्ष वाटण्याचा संभव आहे. पण मला तो फार मोलाचा वाटतो. कारण त्या दिवसापासून एका माणसाला आपले इंजिन कापसात गुंडाळून, खोक्यात घालून, मित्राच्या घरी नेता येऊ लागले, आणि ते तेथे चालू लागले. एकमेकांकडे जाण्यायेण्यास जे निमित्त हवे असते ते मिलिमीटरांच्या त्या कोष्टकांनी मिळवून दिले.

त्यापुढील पायरी फ्रँक एलिसन या गृहस्थांची. हे पूर्वायुष्यात नाटक कंपनीत काम केलेले. न्यू ऑर्लिन्स येथे त्यांनी 'डेल्टा लाइन्स' नावाची आपली लघुरेल्वे उभारली, आणि १९४४ साली लिहिलेल्या लेखमालेत असे प्रतिपादिले की मांडणी हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक होय. गाडी गोलगोल फिरवून पाहण्यात काही काळ मन रमते आणि मग विटते. पण तिला कोठून तरी निघून, कोठेतरी, कोणत्या तरी कामासाठी, वेळेवर पोहोचावयाचे असले म्हणजे प्रत्येक सांधा आणि प्रत्येक सिग्नल अर्थपूर्ण होतो. हा विचार रुजल्यावर छंदात जबाबदारी शिरली, आणि एका माणसाच्या हाताबाहेरचे काम निर्माण झाल्यामुळे सोबतीही शिरले.

मी पाहिलेल्या तळघरात मिलवॉकी रोड या रेल्वेची, ऑक्टोबर १९५३ मधील एक शाखा उभारलेली होती. महिना आणि साल निश्चित करण्याचा हा प्रघात सर्वत्र आहे, आणि १९५० च्या आसपासची वर्षे विशेष प्रिय आहेत, कारण त्या काळात वाफेची जुनी इंजिने आणि डिझेलची नवी इंजिने एकाच फलाटावर शेजारी उभी राहत. ती रेल्वे १९८५ साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. पण येथे तिच्या नारिंगी गाड्या वेळेवर सुटत होत्या.

कारभाराची पद्धत अशी. जिन्याखालच्या लहानशा खोलीत एक गृहस्थ कानाला यंत्र लावून बसतो, तो नियंत्रक. मांडणी त्याच्या दृष्टीआड असते. समोरच्या कागदावर तो गाड्यांची नोंद घेतो आणि कोणी कोठे थांबावे, कोणाला वाट द्यावी, याचे हुकूम देतो. यार्डात दुसरा एक गृहस्थ आलेल्या वाघिणींची वाटणी करून गाड्या लावतो. बाकीचे चालक आणि गार्ड. प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड असते; त्याच्या खिशात एक चिठ्ठी, म्हणजे आपल्याकडील भाषेत बिल्टीच, खोचलेली असते, आणि ही वाघीण कोणत्या गावच्या कोणत्या धक्क्यावर, कोणता माल घेऊन न्यावयाची, हे तीवर लिहिलेले असते. चिठ्ठीला चार बाजू. एक रवानगी पूर्ण झाली की पुढच्या खेपेला ती उलटावयाची, म्हणजे वाघिणीस नवा मुक्काम मिळतो. भिंतीवरचे घड्याळ चौपट वेगाने धावते, त्यामुळे तीन तासांच्या बैठकीत रेल्वेचे बारा तास उलटतात. आणि हातातील लहानशा यंत्रावर आपल्या इंजिनाचा क्रमांक दाबला की केवळ तेच इंजिन हुकूम ऐकते. पूर्वी रुळांतील विजेचा दाब कमीजास्त करून गाडी हाकीत, त्यामुळे एका तुकड्यावरील सर्व इंजिने एकदमच हलत. आता प्रत्येक इंजिनाच्या पोटात आपला क्रमांक ओळखणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग असतो, आणि या पद्धतीचे प्रमाणीकरणही १९९० नंतर त्याच राष्ट्रीय संस्थेने केले. परिणामी चालक एका जागी खिळून न राहता आपल्या गाडीबरोबर चालतो, आणि जेमतेम तीन फुटांच्या बोळात समोरून येणाऱ्या दुसऱ्या चालकास अंग चोरून वाट देतो.

त्या बोळात दोन गृहस्थ एका गावच्या धक्क्यावर शंटिंग करीत होते. एक निवृत्त शिक्षक, दुसऱ्याने आयुष्यभर दुधाचा ट्रक हाकलेला. दोघांचीही नजर वाघिणींच्या आकड्यांवर. शिक्षकाच्या हातात बांबूची बारीक काडी. ती दोन वाघिणींच्या मध्ये घालून किंचित फिरवली की आकडा सुटतो.

"चीजची वाघीण आतल्या रुळावर ने."

"नेतो. हिच्या गुडघ्याचे ऑपरेशन गुरुवारी ठरले."

"इस्पितळात कोण नेणार?"

"मुलगी येणार होती. तिला रजा नाही मिळाली."

"मग मी येतो. सहाला दाराशी गाडी लावतो. जरा मागे घे... आणखी दोन बोटे. बस्स."

आकडा जुळल्याचा बारीकसा आवाज झाला, कार्डे दुसऱ्या खिशात गेली, आणि दोघेही गाडीबरोबर पुढील गावास निघाले. समोरासमोर खुर्च्या टाकून बसले असते तर त्या वृद्धाने पत्नीच्या ऑपरेशनाची गोष्ट काढली असती काय, याविषयी मला शंका वाटते. तिकडील पुरुष, विशेषतः त्या पिढीतील, मदत मागण्याच्या बाबतीत अत्यंत संकोची. परंतु हात कामात असले, नजर एका तिसऱ्याच वस्तूवर स्थिर असली आणि बोलणे मध्येच तोडण्यास 'जरा मागे घे' हे सबळ कारण हाताशी असले, म्हणजे मनातील गोष्ट ओठांवर येते. ऐकणाऱ्यालाही सांत्वनाची वाक्ये शोधावी लागत नाहीत. सहा वाजता येतो म्हटले की पुरते.

प्रत्यक्ष गाड्या चालवण्याच्या संध्याकाळी महिन्यातून एखाद-दुसऱ्याच. एरवी काम चालते ते बांधणीचे. रुळांवर खडी पसरण्याचे काम मी जवळून पाहिले. खसखशीएवढ्या दगडी कणांची ती खडी आधी चमच्याने रुळांमध्ये टाकावयाची, मऊ कुंचल्याने दोन्ही बाजूंना उतार देऊन बसवावयाची, स्लीपरांच्या माथ्यांवरील कण एकेक करून झटकावयाचे, आणि मग पांढरा डिंक पाण्यात पातळ करून थेंबाथेंबाने सोडावयाचा. पण नुसते पाणी खडीवर मोत्यासारखे गोळा होऊन बसते व कण उधळते. म्हणून भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब त्यात टाकून आधी फवारा मारतात, त्याने पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि डिंक आतपर्यंत झिरपतो. सांध्यापाशी हात फार जपून चालवावा लागतो, कारण एखादा कण हलत्या पात्यात चिकटला तर तेथे प्रत्येक गाडी रुळांवरून उतरणार. दुसऱ्या दिवशी बोटाने दाबून पाहावयाचे. दगडासारखे घट्ट झाले असेल तर पुढचा हात. दोघे-तिघे मांडणीच्या कडेला स्टुलांवर बसून हे काम करीत असतात, आणि त्या संथ गतीला साजेशा संथ गतीने त्यांचे बोलणे चालते: कोणाची भट्टी रात्री बंद पडली आणि घर गारठले, कोणत्या नातवाला कॉलेजात प्रवेश मिळाला, मोतीबिंदू काढल्यावर पिवळा आणि पांढरा रंग पुन्हा वेगळे कसे दिसू लागले. या शेवटच्या वाक्यावर सर्वांनी कामे थांबवून त्या गृहस्थास प्रश्न विचारले. रंगकामावर जगणाऱ्या मंडळींत डोळ्यांची वार्ता ही सामाईक मालमत्ता असते.

मांडणीच्या खालीही एक जग आहे. तारा, सांधे फिरवणारी यंत्रे, सिग्नलांचे जोड. काहींचा जीव वरच्या देखाव्यापेक्षा तेथेच अधिक रमतो. वर झाडे लावणारा निराळा आणि खाली उताणा पडून डाख देणारा निराळा, अशी श्रमविभागणी आपोआप होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील विद्यार्थ्यांनी १९४६ च्या सुमारास काढलेल्या लघुरेल्वे मंडळातही ही दोन दळे होती, आणि टेलिफोन कंपनीची जुनी रिले जमवून खालची यंत्रणा रचणाऱ्यांपैकी कित्येक तरुण पुढे संगणकयुगाच्या पहिल्या कारागिरांत गणले गेले.

या छंदातील सर्वांत थोर कलावंत म्हणून आजही जॉन अॅलन यांचे नाव घेतात. कॅलिफोर्नियातील मॉन्टरे येथे आपल्या घराच्या तळघरात त्यांनी जमिनीपासून थेट छतापर्यंत चढत जाणारे पर्वत उभारले आणि त्यांच्या कड्यांवरून एचओ प्रमाणाची रेल्वे नेली. व्यवसायाने छायाचित्रकार असल्यामुळे प्रकाशाची त्यांना जाण होती, आणि गाड्यांवर धूळ, गंज, काजळी व उन्हाने विटलेला रंग चढवून त्यांना वापरातल्या वस्तूंचे रूप देण्याची कला त्यांनी प्रतिष्ठित केली. त्यांच्याकडेही ठरल्या संध्याकाळी मित्रमंडळ जमे आणि वेगवान घड्याळावर रेल्वेचा दिवस पार पाडी. १९७३ च्या जानेवारीत त्यांचे हृदयविकाराने निधन झाले, आणि अवघ्या दहा दिवसांत घरास आग लागून वीस वर्षांची ती निर्मिती जवळजवळ सर्वस्वी भस्मसात झाली. आपण आज जी पाहतो ती त्यांची छायाचित्रे.

अशी आग विरळा. परंतु मांडणीचा मालक गेल्यावर ती मोडावी लागणे हे मात्र नित्याचे आहे. घर विकावयाचे असते, डोंगर भिंतीला जखडलेले असतात, आणि विधवा पत्नीस अथवा परगावच्या मुलांना कोणत्या खोक्याची किंमत पाच डॉलर आणि कोणत्याची पाचशे, हे ठाऊक नसते. अशा वेळी तेच मित्र पुन्हा तळघरात उतरतात. प्रत्येक इंजिन चालवून पाहतात, त्याची नोंद करतात, वाजवी किंमत लावतात, विकून आलेल्या रकमेचा हिशेब घरच्यांच्या हाती देतात, आणि मग करवत घेऊन मांडणी कापून बाहेर काढतात. विस्कॉन्सिनमधील त्या मंडळींनी आपापल्या वाघिणींच्या तळाला मालकाची आद्याक्षरे रंगवून ठेवली होती. एका वाघिणीवर निराळीच अक्षरे पाहून मी चौकशी केली, तेव्हा ती एका दिवंगत सोबत्याची असून त्याच्या कुटुंबाने प्रत्येकास एकेक दिली, असे कळले. त्या सर्व वाघिणी अद्याप चिठ्ठ्यांप्रमाणे मालाची ने-आण करीत आहेत. माणसाची आठवण कपाटात बंद न ठेवता तिला कामाला लावण्याची ही रीत मला फार सुंदर वाटली.

आपल्याकडे लघुरेल्वे म्हटली की पुण्यातील कोथरूडचे जोशी यांचे संग्रहालय प्रथम आठवते. १९९८ पासून ते लोकांस खुले आहे. बी. एस. जोशी यांनी ध्यासाने उभारलेल्या त्या १:८७ च्या नगरीत सिग्नल, पूल, बोगदे यांमधून निरनिराळ्या गाड्या पूर्वनियोजित क्रमाने धावतात, आणि कित्येक पुणेकर मुलांनी हा छंद असतो हे तेथेच पहिल्यांदा जाणले. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. मात्र तेथे आपण प्रेक्षक असतो. हातात बिल्टी घेऊन सोबत्याला 'मागे घे' म्हणण्याची संधी प्रदर्शनात कशी मिळणार? ज्या मुलखाने १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी पाहिली, ज्याच्या बोरघाटात १८६३ पासून सदतिसास एक अशा चढावर गाड्या चढत आल्या आहेत, त्या मुलखात घरोघरी नव्हे, तरी गावोगावी एखादी अशी मांडणी आणि तिच्याभोवती एक बैठक असावी, असे मला मनापासून वाटते. खर्चाची अडचण खरी आहे. परदेशी इंजिनाची किंमत मध्यमवर्गीयाला विचारात पाडते. जागेची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही.

तिच्यावर इंग्लंडातील अॅलन राइट यांनी काढलेला तोडगा सांगण्याजोगा आहे. त्यांच्या 'इंगलनूक सायडिंग्ज' या रचनेत अवघे तीन रूळ आणि दोन सांधे. एका रुळावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि इंजिन मागेपुढे करण्याच्या तुकड्यावर इंजिनासह तीन. वाघिणी एकंदर आठ. आठ चिठ्ठ्या टोपीत घालून पाच काढावयाच्या, आणि ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब रुळावर लावावयाची. सोपे वाटते, परंतु अशा गाड्या ६,७२० प्रकारे लागू शकतात, आणि प्रत्येक वेळी कोणती वाघीण आधी कोठे बाजूला काढावी याचा निराळा विचार करावा लागतो. आखूड चारचाकी वाघिणी घेतल्या तर चार-पाच फूट लांब आणि फूटभर रुंद फळीवर हे सारे बसते, आणि काम संपल्यावर फळी पलंगाखाली सरकवता येते. एकट्यालाही हे कोडे सोडवता येईल. पण चिठ्ठ्या काढावयास आणि सांधे बदलावयास शेजारच्या एखाद्या निवृत्त गृहस्थांना बोलवावे, इंजिन त्यांच्या हाती द्यावे, आणि चहा उशिरा ठेवावा.